समुद्रकाठची कॅराव्हॅन: मिरगाआधी बाहेरून काय काय करावं?

शिवोली_बांध
मिरग तीन आठवड्यांवर आलाय. गाडीमागे ओढायची १८ फुटी कॅराव्हॅन, भिंती आणि टप फायबरग्लासचे, टपावर ४०० बाय ४०० मिमीचं एक स्कायलाइट आणि दोन सोलर पॅनल. गोव्यात, समुद्र ४०० मीटरवर. वर माड, बाजूला काजू. भिंतींवर काळे ओघळ आहेत, हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते, खिडक्यांचं रबर चिकट झालंय. गॅरेजवाला म्हणतो प्रेशर मारून वर पॉलिश करून देतो. तेवढ्याने भागेल का? जाणकारांनी क्रमवार सांगावं.

मालीम_जेटी
भागणार नाही. तुमच्या यादीत मीठ नाही, आणि खरा शत्रू तोच आहे.

स्वयंपाकाचं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या खारात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३-३५ टक्क्यांनाच ओलं होतं. इतकी कोरडी हवा किनारपट्टीला वर्षातून किती दुपारी मिळते? म्हणजे पत्र्यावर बसलेला खार मे महिन्यातसुद्धा पुरता सुकत नाही, तिथे चोवीस तास पातळ खारं पाणी असल्यासारखंच असतं. ऊन पडलं की गंज थांबतो ही समजूत इथे चालत नाही.

खार साचतो तो डोळ्यांसमोरच्या भिंतीवर नाही. खालच्या ॲल्युमिनियम पट्टीच्या आतल्या बाजूला, नंबरप्लेटच्या मागे, खिडक्यांच्या बिजागऱ्यांत, चाकांच्या कमानीत, पुढच्या तिकोनी फ्रेमच्या पोटात. पाऊस टप धुतो, पोट धुवत नाही. म्हणून पावसाळ्यातही दर पंधरा दिवसांनी खालून गोड्या पाण्याचा होज मारायचा. ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला, शॅम्पू नसला तरी चालेल. पाण्याला जोर नको, पाणी भरपूर हवं.

कुर्टी_वर्कशॉप
प्रेशर वॉशरबद्दल. यंत्र वाईट नाही, चालवणारा घाई करतो. पंख्यासारखी धार देणारा नोझल, अंतर किमान १ मीटर, आणि धार सांध्याला तिरकी कधी लावायची नाही. सील बाहेरून येणारा पाऊस अडवायला केलेले असतात, खालून वर घुसणारी धार अडवायला नाही. फ्रीजच्या जाळ्या, गीझरचा धुरांडा, खिडक्यांचं रबर, स्टिकरच्या कडा, बेअरिंग, ब्रेकच्या केबल यांवर अजिबात नाही. चासी आणि चाकांच्या कमानी यांना मात्र खुशाल मारा. गॅरेजवाल्याला टपावर यंत्र घेऊन चढू देऊ नका.

डिचोली_बाय
पाणी कुठलं वापरणार तेही बघा. जांभ्या जमिनीतल्या बोअरवेलला बऱ्याच ठिकाणी लोह असतं. काढल्याबरोबर पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की तांबूस होतं. त्याने पांढरी कॅराव्हॅन धुतली आणि उन्हात सुकू दिली तर प्रत्येक थेंबाच्या जागी पिवळा ठिपका उरतो. पाणी आदल्या रात्री उघड्या टाकीत वरून धार पाडून भरून ठेवा. लोह तळाशी बसतं, वरचं पाणी घ्या आणि शेवटी फडक्याने कोरडं पुसा.

डाग पडलेच असतील तर ऑक्झॅलिक ॲसिड. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम, हातमोजे आणि चष्मा घालून, फक्त फायबरग्लासवर, ५ ते १० मिनिटं, मग भरपूर पाणी. जस्ताच्या मुलाम्यावर आणि ॲल्युमिनियमवर ओघळू द्यायचं नाही. बोटीवाले गंजाचे ओघळ यानेच काढतात. मुलं-जनावरं आसपास असतील तर पावडर कुलपात ठेवा, पोटात गेली तर विष आहे.

शिवोली_बांध
आणि धुवायचं वरून खाली की खालून वर? दोन्ही ऐकलंय.

कुर्टी_वर्कशॉप
दोन्ही खरं. शॅम्पू लावायचा खालून वर, धुवायचं वरून खाली. कोरड्या मळक्या भिंतीवर वरून साबण सोडला की त्याचे ओघळ खाली उतरतात आणि जिथून गेले तिथेच जास्त स्वच्छता होते, मग त्या रेघा निघत नाहीत. आधी भिंत साध्या पाण्याने भिजवली तर हा त्रास निम्मा होतो.

पण त्याआधी टप. काळे ओघळ भिंतीचे नसतातच. टपावरची धूळ, माडाचा फुलोरा, कुजलेला पाला आणि झिजलेलं सीलंट (सांधे बुजवायचा लवचिक लेप) पावसाच्या पहिल्या सरींत मिसळून पन्हळीच्या टोकातून उतरतं. टप न धुता भिंत घासत बसलात तर दर पावसाला तेच. पन्हळीच्या चारही टोकांना दोन-तीन इंच बाहेर येणारी प्लास्टिकची चोच बसवा, म्हणजे पाणी भिंतीला चाटून न जाता लांब पडतं. किरकोळ खर्च, आणि पॉलिशपेक्षा उपयोगी.

सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर. भिंतीवर तळहात टेकवून धरवत नसेल तर धुवायला बसू नका, शॅम्पू वाळून डाग धरतो. दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक फडकं खंगाळायची. जांभ्याची धूळ म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, एकाच बादलीत बुडवत राहिलात की तीच परत भिंतीवर घासली जाते. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो. कपड्यांची पावडर तर नकोच.

मालीम_जेटी
टपावर चढण्याबद्दल सगळे गप्प, म्हणून. फायबरचा टप माणसाच्या टाचेसाठी नसतो. शक्य तेवढं शिडीवरूनच करा. चढावंच लागलं तर १२ मिमी प्लायचा दोन बाय चार फुटी तुकडा, खाली जुनं कांबळं, त्यावर गुडघे टेकून. साबण लावलेल्या टपावर उभं राहायचं नाही. ओला जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा चकचकीत थर, शेवाळलेल्या पायरीसारखा असतो.

सांध्यांचा_वैद्य
धुणं झालं, आता मूळ कामाला या. कॅराव्हॅन मळाने मरत नाही, सांध्यातून आत गेलेल्या पाण्याने मरते.

टप सुकल्यावर प्रत्येक सांधा नखाने तपासा: स्कायलाइटची चौकट, सोलरच्या वायरी आत जातात तो डबा, पॅनलचे पाय, अँटेना, कडेच्या ॲल्युमिनियम पट्ट्या आणि पट्टीतली प्लास्टिकची भरण. सीलंटला केसासारखी भेग, कडेने उचललेली जीभ, किंवा दाबल्यावर चुरा, यातलं काही दिसलं तर तेवढा भाग काढायचा. जुन्यावर नवीन थापणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग. त्याने पाणी थांबत नाही, फक्त लपतं. भेगेतून शिरलेलं पाणी नव्या थराखालून वाट काढतं आणि दोन मीटर लांब आतल्या कपाटात उगवतं.

कृती अशी. प्लास्टिकच्या पट्टीने जुनं खरवडा, लोखंडी पट्टी जेलकोट कापते. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग १५ मिनिटं थांबा. हे थांबणं लोक टाळतात. पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या बाष्पाने घट्ट होतं आणि ओलं अल्कोहोल त्या क्रियेत मोडता घालतं, मग आतून च्युइंगमसारखं राहतं. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, मध्ये ५-६ मिमी जाडीची सलग धार, ओल्या बोटाने एकदाच सपाट, आणि साल धरायच्या आत टेप काढा. पहिल्या चोवीस तासांत साधारण ३ मिमी आतपर्यंत घट्ट होतं, म्हणून ६ मिमीच्या धारेला तीन-चार दिवस ओढायला नेऊ नका. दमट हवेत वरची साल लवकर धरते. पाऊस नसलेले दोन-तीन तास मिळाले तरी काम होतं, पण पृष्ठभाग कोरडाच हवा.

कुठे काय:
पट्ट्या आणि चौकटी ज्या स्क्रूने बसतात, त्यांच्याखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी), २० मिमी रुंद, २-३ मिमी जाड. तो कधी वाळत नाही म्हणूनच चालतो. स्क्रू एका दमात आवळायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे, आणि दुसऱ्या दिवशी परत, कारण टेप उन्हात पसरतो.
टपावर उघड्या उन्हात राहणाऱ्या सांध्याला एमएस पॉलिमर जातीचं सीलंट. साधं पॉलियुरेथेन, सिकाफ्लेक्स २२१ सारखं, पकडीला उत्तम, पण उघड्या उन्हात वरून पांढरं पडतं आणि तडकतं.
ॲक्रिलिकचं स्कायलाइट आणि खिडक्या यांना पॉलियुरेथेन थेट लावू नका, ताण पडलेलं ॲक्रिलिक त्याने तडकू शकतं.

काणकोण_फिरस्ता
आणि सिलिकॉन? हार्डवेअरच्या दुकानात तेच मिळतं, बाथरूमला चालतं की.

सांध्यांचा_वैद्य
बाथरूमला खुशाल लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घट्ट होताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, ते ॲल्युमिनियम आणि जस्ताला खातं. खरा घात पुढे होतो. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी ना रंग धरत ना दुसरं सीलंट, आणि अल्कोहोलने ते निघत नाही. खरवडून, सिलिकॉन काढायचं खास द्रावण लावून, परत खरवडून. पाणी टाकून बघा: पुसलेल्या जागी अजून गोल थेंब बसत असतील तर सिलिकॉन आहेच.

डिचोली_बाय
पाणी आधीच आत गेलंय की नाही हे कळायला ओलावा मोजायचं यंत्र घ्या, लाकडाला सुया टोचायचं. आतून, कोपऱ्यांत, खिडक्यांखाली. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० लक्ष ठेवा, २० च्या वर सांधा शोधा, ३० च्या आसपास गेलं तर आतलं लाकूड कुजायला लागलंय असं धरा. आपल्या हवेत पावसाळ्यात सगळेच आकडे थोडे चढतात, म्हणून मे महिन्यात एकदा मोजून कागदावर लिहून ठेवा आणि गणेशचतुर्थीनंतर त्याच जागी मोजा. एकच जागा बाकीच्यांपेक्षा जास्त चढली तर ती गळते. यंत्र नसेल तर बोटाच्या पेराने ठोका, कुजलेली जागा बद्द वाजते.

मालीम_जेटी
आता पांढरी भुकटी. तो जेलकोट उन्हाने जळून खडू झालाय. काळं फडकं घासून बघा, किती येतं त्यावर इलाज. थोडी येत असेल तर वॅक्सवाला क्लीनर पुरे. भरभरून येत असेल तर फायबरग्लासचा रबिंग कंपाउंड, मशीन १२०० ते १५०० फेऱ्यांवर, एका वेळी दोन बाय दोन फुटांची जागा, पॅड सतत हलता. एका जागी थांबलात की जेलकोट तापून पिवळा पडतो. कंपाउंडने चकाकी येत नसेल तरच वॉटर पेपर, १०००, १५००, २००० या क्रमाने, भरपूर पाण्याने. जेलकोट असतो साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, कडांवर त्याहून पातळ. कडेला हाताने, मशीन नाही. खालची जाळी दिसायला लागली तर परत जेलकोट मारणं आलं. ते काम मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर दुरुस्त करणारे फायबरवाले गाड्यांच्या पेंटरपेक्षा चांगलं करतात.

मग सांध्यांचं सीलंट झालं की लगेच वॅक्स. उघडा ठेवलेला घासलेला जेलकोट पहिल्यापेक्षा लवकर खडू होतो, हे पॉलिशवाले सांगत नाहीत. इथे पॉलिमर सीलंट (सांध्याचं नव्हे, वॅक्सऐवजी भिंतीला पुसून लावायचं) कार्नोबा वॅक्सपेक्षा बरं टिकतं. दोन पातळ हात, मे मध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा.

काणकोण_फिरस्ता
सिरॅमिक कोटिंग करून टाकलं तर?

मालीम_जेटी
पैसे असतील तर करा. पण खडू झालेल्या जेलकोटवर ते खडूलाच चिकटतं आणि त्याच्यासकट निघतं. आधीचं सगळं घासकाम चुकत नाही. मे मध्ये बंद शेड नसेल तर नकोच, चोवीस तास पाणी लागायला नको असतं आणि वळवाचा भरवसा नाही.

पर्वरीचा_प्लंबर
खिडक्या. त्या काचेच्या नाहीत, दुहेरी ॲक्रिलिकच्या आहेत, हे धुणाऱ्याला बजावून सांगा. काच पुसायचा निळा स्प्रे, थिनर, अल्कोहोल, पेट्रोल काहीही नाही. ॲक्रिलिकवर आधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा येतात, मग तडे. भरपूर पाणी आणि तळहात, एवढंच. बारीक ओरखड्यांना ॲक्रिलिकचं पॉलिश मिळतं. दोन थरांच्या मध्ये वाफ धरली असेल तर खिडकीच्या कोपऱ्यात छोटी बुचं असतात, ती काढून कोरड्या हवेत दोन दिवस ठेवा आणि परत लावा.

चिकट रबर: साबणपाण्याने मळ काढा, सुकवा, सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन पुसा. डब्ल्यूडी-४० किंवा पेट्रोलियम जेली नको, तेलाने रबर फुगतं. हो, वर सिलिकॉनला शिव्या दिल्यात, हा स्प्रे वेगळा. तोही सीलंटचं काम पूर्ण झाल्यावरच, उलट केलंत तर फवारा भिंतीवर बसून सीलंट धरणार नाही.

चासीखालचा
खालच्या बाजूला सगळ्यात जास्त चुका होतात. तुमची चासी जस्ताच्या मुलाम्याची असेल तर तिला काळं डांबरी कोटिंग मारू नका, फक्त धुवा. मुलामा उडालेल्या जागी झिंकवाला प्रायमर. साध्या लोखंडाची असेल तर वायरब्रश, गोड्या पाण्याने धुणं, पूर्ण सुकवणं, रस्ट कन्व्हर्टर. तो गंजाला काळं करतो पण स्वतः रंग नाही, एक-दोन दिवसांत वर प्रायमर आणि कोटिंग हवंच. ओल्या किंवा खारट पत्र्यावर कोटिंग मारणं म्हणजे गंजाला छत्री देणं. हे काम खरं तर फेब्रुवारी-मार्चचं. आता तीन आठवड्यांत घाईने करण्यापेक्षा नुसतं धुऊन पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स फवारा, बाकी दिवाळीनंतर.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: फरशीला गॅससाठी जी भोकं किंवा जाळ्या असतात त्या कधीही बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालूनच बाहेर जातो. कोटिंगवाला पंप घेऊन आला की भिंत-जाळी बघत नाही, सरसकट फवारतो. आधी टेप लावा, नंतर आठवणीने काढा. उंदीर येतो म्हणून सिमेंट-एम-सील लावणारेही आहेत. बारीक स्टीलची जाळी लावा, हवा जाऊ द्या.

ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्क्रू: खारात त्या दोघांची बॅटरी होते आणि खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी पिठी आणि फुगलेला रंग दिसला तर ओळखा. स्क्रू काढून साफ करा, आट्यांना सीलंट किंवा गंजरोधक पेस्ट, डोक्याखाली नायलॉनचं वॉशर.

वास्को_व्हॅन
माझं मोटरहोम आहे, फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेलं, बाहेर काही ठिकाणी एसीपी. हेच लागू?

सांध्यांचा_वैद्य
सांध्यांचं सगळं लागू. एसीपी म्हणजे प्लास्टिकच्या गाभ्याला दोन्हीकडून पातळ ॲल्युमिनियमचे पापुद्रे. कंपाउंड मारू नका, वरचा रंग निघून जाईल. तुमची कमजोर जागा कापलेल्या कडा, तिथून खार शिरला की पापुद्रा फुगतो. प्रत्येक उघडी कड सीलंटने बंद करा. पत्र्याच्या भागात दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. लाल मातीने तीच आधी बुजतात.

डिचोली_बाय
झाडांचं राहिलं. माडाखाली उभी ठेवायचीच असेल तर पाडेलीला बोलावून नारळ आणि सुकी चुडतं मिरगाआधी उतरवून घ्या. एक नारळ स्कायलाइटला पुरतो. काजूच्या बियांचं तेल आणि चीक दोन्ही आम्लधर्मी, बोंडाच्या रसाचा डाग तर कपड्यावरचा जात नाही, जेलकोटवरचा कुठला. पडला त्याच दिवशी धुवा. पक्ष्यांची, वटवाघळांची शीट कोरडी खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मग उचला. किनाऱ्याकडच्या रस्त्यावरून टायरला, पायऱ्यांना डांबराचे गोळे चिकटले तर रॉकेल नको, खोबरेल तेल चोळून मऊ करा, पुसा, शॅम्पूने धुवा. (आणि वाळूवर गाडी नेऊ नका, गोव्यात ते बेकायदा आहे.)

काणकोण_फिरस्ता
पावसाळाभर निळी ताडपत्री गुंडाळून टाकली तर अर्धी कामं वाचतील.

पर्वरीचा_प्लंबर
वाढतील. ताडपत्री वाऱ्यावर फडफडून जेलकोट घासते आणि आत वाफ कोंडते, ऑगस्टपर्यंत भिंतींवर हिरवं-काळं शेवाळ. त्यापेक्षा वर पत्र्याचं छप्पर, टपापासून दोन फूट उंच, चारही बाजू मोकळ्या, पश्चिमेला तेवढा पावसाची झड अडवायला आडोसा. छप्पर जमत नसेल तर हवा जाणारं शिवलेलं कव्हर. तेही नसेल तर उघडी ठेवा, पुढचं टोक थोडं वर करून, म्हणजे टपावर पाणी साचणार नाही.

शेवाळ आलंच तर बेंझाल्कोनियम क्लोराइड. ५० टक्क्यांचं मिळतं, १ लिटर पाण्यात २० मिली, पंधरा-वीस मिनिटं, मऊ ब्रश, पाणी. ऑनिंगचं (बाजूला ओढायच्या कापडी छताचं) कापड ॲक्रिलिकचं असेल आणि बुरशीचे ठिपके असतील तर ४ लिटर पाण्यात २४० मिली घरगुती ब्लीच आणि ६० मिली सौम्य साबण, १५ मिनिटं, मग वास जाईपर्यंत खंगाळा. व्हिनायलच्या ऑनिंगला ब्लीच नको. ब्लीच आणि वरचं ऑक्झॅलिक ॲसिड एकाच दिवशी एकाच बादलीत नको, विषारी वायू सुटतो. ओलं ऑनिंग गुंडाळलंत तर हे सगळं दर महिन्याला.

चासीखालचा
टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी पाच-सात वर्षांत बदला. उभ्या कॅराव्हॅनचे टायर झिजून नाही, उन्हाने तडकून जातात. झाकण घाला, काळं चकचकीत तेल लावू नका. हिचमध्ये (गाडीला जोडायच्या कडीत) झोल थांबवणारे घर्षणाचे पॅड असतील तर त्याला आणि ती ज्यावर बसते त्या ५० मिमीच्या गोळ्याला ग्रीस अजिबात नाही, स्पिरिटने पुसायचं. ग्रीस जॉकी व्हीलच्या (पुढच्या टेकूच्या चाकाच्या) आट्यांना आणि कोपऱ्यांच्या जॅकना.

शिवोली_बांध
सगळ्यांचे आभार. म्हणजे क्रम: टप, भिंती, दोन दिवस सुकवणं, सीलंट, तीन-चार दिवस थांबून कंपाउंड-वॅक्स, शेवटी रबर. बरोबर?

सांध्यांचा_वैद्य
कंपाउंड सीलंटच्या आधी. मशीनचं पॅड नव्या सीलंटची कड उचकटतं आणि कंपाउंडची पिठी त्यात रुतते. फक्त वॅक्स मात्र सीलंटनंतर, वॅक्सवर सीलंट धरत नाही. आणि ट्यूब घेताना दुकानातच दाबून बघा. मुदत संपलेली किंवा उन्हात ठेवलेली आतून घट्ट झालेली असते.

शिवोली_बांध
अजून एक, गीझरच्या धुरांड्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. पाणी मारून काढू का?

पर्वरीचा_प्लंबर
पाणी नाही, माती विरघळून बर्नरमध्ये उतरेल. गॅस बंद करा, जाळी काढा, लाकडी काडीने कोरडीच फोडून व्हॅक्युमने ओढा. मग बारीक स्टीलची जाळी, पण ती उत्पादकाची त्याच मॉडेलसाठीची असेल तरच, हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते. ज्योत निळी दिसेपर्यंत आत कोणी झोपू नये.